‘तेच ते’ म्हणणाऱ्या मामाजींना गुण किती?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ६४ वर्षांचे. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीची, म्हणजे बैलांचे खांदे शेकून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायची, तयारी करता करता त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं. पाय आता बराच सुधारला, काठी घेऊन कोठ्यापर्यंत जातात. बोलण्यात मात्र एकच उरलं : ‘तेच ते’. पाणी हवं तरी ‘तेच ते’, राग आला तरी ‘तेच ते’, नातू दिसला की हसून ‘तेच ते’.

उन्हाळ्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या बोलण्याची चाचणी झाली. चित्रं दाखवली, वस्तू ओळखायला लावल्या, वाक्यं म्हणायला लावली. कागदावर १०० पैकी ३१ आणि ‘तीव्र’ असा शेरा. आमच्या ह्यांनी तर हायच खाल्ली. पण गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता मामाजींनी ह्यांना हलवून उठवलं, ‘तेच ते, तेच ते’ करत खिडकीकडं हात केला आणि डाव्या हाताची दोन बोटं डोक्यावर उभी धरली. बाहेर जाऊन पाहतात तर घरामागच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरलेले, सात-आठ.

आणि यंदाच्या खांदशेकणीला तर कमालच झाली. बैलाच्या खांद्यावर हात ठेवून मामाजी स्पष्ट म्हणाले, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ आम्ही सगळे रडलो. दुसऱ्याच मिनिटाला वाटी मागायची होती, तर पुन्हा ‘तेच ते’. दीर म्हणतात, बुढा मुद्दाम करते. सासूबाई म्हणतात, त्यांना सगळं समजते. कागद म्हणतो ३१. खरं काय मानायचं? आणि घरच्या घरी त्यांची परीक्षा कशी घ्यायची?
— एक सून, ता. दारव्हा

उत्तर : ताई, कागद खोटा नाही आणि रोहीही खोटे नाहीत.

आधी कागदाचं बोलू. बहुतेकांची भाषा मेंदूची डावी बाजू सांभाळते, लकव्यात ती दुखावली की भाषा अडू शकते. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. जुन्या आठवणी, माणसांची पारख, शेतीची अक्कल जागेवर असते. पण शब्द सापडत नाही, सापडला तर भलताच येतो, ऐकलेलं अर्धंमुर्धं पोचतं, वाचणं-लिहिणंही अडखळतं. तुमच्या मामाजींची जी चाचणी झाली असावी, तिच्यात आपणहून बोलणं, ऐकून समजणं, ऐकलेलं तसंच म्हणणं आणि वस्तूंची नावं सांगणं, या चार गोष्टींचे गुण मिळून तो १०० चा आकडा निघतो. भाषेचा कोणता सांधा निखळला ते त्यावरून कळतं, उपचार कुठून सुरू करायचा ते ठरतं. कागद जपून ठेवा.

आता ती रात्र बघा. मामाजींनी घरातल्या चार माणसांतून नेमकं तुमच्या मालकांना उठवलं, नातवाला नाही. दिशा दाखवली. कोणतं जनावर ते शिंगांनी सांगितलं, रानडुक्कर असतं तर बोटं डोक्यावर गेली नसती. घाई आवाजातून कळवली. आणि माझी खात्री आहे, तुमच्या ह्यांनी बॅटरी हातात घेतल्यावर ते थांबले असतील, कारण निरोप पोचला हे त्यांना कळलं. दवाखान्यातल्या टेबलावर रोहीचं चित्र ठेवून ‘हे काय?’ विचारलं असतं तर ‘तेच ते’ला शून्य मिळालं असतं. हरभऱ्याला त्या शून्याशी काय देणंघेणं?

हा फरक सगळ्यात आधी तुमच्या-माझ्याच ध्यानात आला असं नाही. न्यूयॉर्कच्या मार्था टेलर सार्नो यांनी १९६० च्या दशकातच रोजच्या व्यवहारातल्या ४५ वागण्यांची यादी करून, दुखण्याआधीच्या मानानं माणूस आज कुठं आहे ते नोंदवायची पद्धत घालून दिली. पुढं ऑड्री हॉलंड यांनी १९७७ मध्ये म्हटलं की वाचाघात झालेली माणसं जितकं बोलतात त्याहून जास्त पोचवतात. आणि १९८० मध्ये त्यांनी त्यावर चाचणीच बेतली. त्यात ६८ प्रसंग होते. तपासणारा कधी डॉक्टर होतो, खोटी खोटी भेट होते, आणि उत्तराला ०, १ किंवा २ गुण मिळतात. शब्दानं सांगा, हातानं सांगा, चित्र काढा. निरोप पोचला की पुरे २.

मात्र ती दुनिया अमेरिकेतली. ती उचलून दारव्ह्याला आणली तर काय होतं ते मी माझ्या फजितीवरून सांगते. २६ वर्षांपूर्वी मी नवी नवी स्पीच थेरपिस्ट झाले होते. हिंगणघाटकडचे एक शेतकरी समोर बसलेले. परदेशी चित्रांच्या संचातलं एक पान मी पुढं केलं : बर्फाचं गोल घर, पुढं वाकून आत शिरायचं दार. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘कोंबडी.’ मी ‘चुकीचा शब्द’ म्हणून शून्य मांडलं. मागं बसलेली त्यांची बायको म्हणाली, ‘बाई, थे तं कोंबड्याईचं खुराडंच दिसून राह्यलं!’ मी चित्र फिरवून पुन्हा पाहिलं. खुराडंच होतं. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत विळा, दावं, वजनकाट्याची पावती, चुन्याची डबी आणि राशनकार्ड असतं.

तुम्ही घरी काय करायचं ते सांगते. परीक्षा हा शब्द मात्र आधी सोडा. ६४ वर्षांच्या माणसापुढं लोटा धरून ‘हे काय आहे, सांगा बरं’ म्हणणं म्हणजे त्याचा चारचौघांत पाणउतारा. लोटा काय ते तुम्हाला माहीत, त्यांनाही माहीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय तेच विचारा.

एक वही घ्या. सात दिवस, दिवसातून तीन-चार प्रसंग लिहा. कोणी सुरुवात केली? मामाजींनी की तुम्ही? काय सांगायचं होतं? कशानं सांगितलं : शब्द, सूर, बोट, ओढून नेणं, वस्तू आणून देणं? पोचलं का, आणि पोचवायला तुम्हाला किती कसरत करावी लागली? शेवटचा मुद्दा विसरू नका. एका खुणेत कळलं आणि वीस प्रश्नांनंतर कळलं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘तेच ते’चे सूरही ऐका. माझा अंदाज आहे की तुमच्या घरात त्याचे निदान पाच अर्थ चालू असतील आणि सासूबाईंना त्यातले चार न बघता कळत असतील. पण परक्याला? पानठेल्यावरच्या माणसाला? तिथलंही एखाद-दोनदा लिहा, कारण घरच्यांपाशी जे चालतं ते बाहेर किती चालतं हे वेगळं मोजावं लागतं.

मग रेघा. ही युक्ती कॅनडातली आहे. १९८९ मध्ये तिथल्या संशोधकांनी रुग्णांना आणि त्यांच्या जोडीदारांनाच विचारून १६ प्रसंग काढले आणि प्रत्येकापुढं एक रेघ ठेवली. एका टोकाला ‘मुळीच जमत नाही’, दुसऱ्याला ‘दुखण्याआधीसारखं जमतं’. रुग्णाजवळचं माणूस त्या रेघेवर खूण करतं. लक्ष वेधून घेणं, हो-नाही बरोबर सांगणं, दुखणंखुपणं कळवणं, शेजारी आले की त्यांच्यात बसणं, भराभर चाललेल्या गप्पांत सामील होणं, असे ते प्रसंग. तुम्ही पट्टीनं दहा सेंटिमीटरची रेघ मारा आणि प्रसंग मामाजींच्या आयुष्यातले घ्या. बैलाला काय झालं ते सांगणं. सालदाराला काम लावणं. कापसाचा भाव ऐकून खूश की नाखूश ते दाखवणं. फोनवर पोरीशी, म्हणजे तुमच्या नणंदेशी, दोन मिनिटं टिकणं. छातीत दुखतंय की पोटात, ते सांगणं. दहा-बाराच घ्या, फार नको. तुम्ही वेगळी खूण करा, सासूबाई वेगळी, एकमेकींची न पाहता. एकाच रेघेवर दोघींत चार बोटांचं अंतर पडलं तर भांडू नका. कोणापाशी काय जमतं याचाच तो पुरावा आहे. दर महिन्याला नवी रेघ मारा, जुनी झाकून ठेवा.

आता सासूबाईंच्या ‘सगळं समजते’कडं येते. इथं मी कडू बोलणार आहे. घरचे लोक रुग्ण काय सांगू शकतो ते कमी धरतात आणि त्याला काय समजतं ते जास्त धरतात, असं मी घरोघरी पाहिलंय. हातात ताट घेऊन, दुपारी एकला, ‘जेवता का?’ म्हटलं आणि ते पाटावर बसले, तर त्यात शब्दांनी काम केलं की ताटानं? तपासायचं असेल तर ताट आत ठेवा, हात मागं घ्या, नजरेनंही दाखवू नका. चष्मा, चुन्याची डबी, किल्ली आणि मोबाइल समोर मांडा आणि सहज म्हणा, ‘मामाजी, किल्ली द्या जरा.’ नुसत्या अंदाजानं उचललं तरी चारांत एकदा बरोबर येतंच, म्हणून जागा बदलत आठ-दहा वेळा, पण वेगवेगळ्या दिवशी पाहा. त्यांना उजवीकडचं कमी दिसतं का तेही बघा. काही रुग्णांची दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते, आणि मग उजवीकडं ठेवलेली किल्ली ‘समजली नाही’ असं आपण लिहून बसतो.

‘हो’ आणि ‘नाही’ वेगळं तपासा. वाचाघातात माणूस हो म्हणताना मान नकारार्थी हलवतो, किंवा सगळ्यालाच होकार देतो. दहा सरळ प्रश्न काढा, पाचांचं उत्तर हो, पाचांचं नाही, सरमिसळ करून. ‘आपलं गाव दारव्हा तालुक्यात आहे का?’ ‘आपल्याकडं उंट आहे का?’ दहापैकी पाच बरोबर आले तर खूश होऊ नका, सगळ्याला नुसतं हो म्हटलं तरी पाच येतात. नऊ-दहा आले तर त्यांच्या हो-नाहीवर विश्वास ठेवा. त्याहून कमी असेल तर त्यांच्या मान हलवण्यावर जमिनीचे, बँकेचे निर्णय घेऊ नका. जाड अक्षरात ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलेला पुठ्ठा द्या, बोट ठेवायला सांगा, आणि तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा.

आता खांदशेकणीचं. तुमच्या दिरांना माझा निरोप द्या : मुद्दाम काही नाही. वर्षानुवर्षं घोटलेली ओळ, आरती, हरिपाठ, एक ते दहा आकडे, शिव्या, हे मेंदू सुटे शब्द जुळवून बोलत नाही, अख्खा गठ्ठा एकदम बाहेर येतो. त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो असं मानतात. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण फक्त ‘तां’ म्हणायचा. दवाखान्यात त्याचं नावच तां पडलं होतं. पण तोही फार चिडला की शिवी पूर्ण हासडायचा. तो काही एरवी सोंग करत नव्हता. ‘वाटी द्या’ हे मामाजींना त्या क्षणी नव्यानं जुळवावं लागत होतं, आवतण मात्र पन्नास वर्षांचं होतं. म्हणून त्यांना सर्वांसमोर ‘आता म्हणा बरं पुन्हा’ असं लावू नका. गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथं जरूर बसवा; तिथं ते इतरांच्या बरोबरीनं असतील. त्यानं पाणी मागता येईल अशी आशा मात्र ठेवू नका.

वही आणि रेघा भरल्या की काय करायचं ते आपोआप दिसतं. दुखणं सांगता येत नाही असं निघालं तर माणसाच्या शरीराचं मोठं चित्र भिंतीला लावा. बैल, विहिरीची मोटर, गोळ्यांची पाकिटं, नणंद, डॉक्टर यांचे फोटो मोबाइलमध्ये एका जागी ठेवा. डाव्या हातात पेन्सिल द्या, वाकडंतिकडं चित्रही चालतं. एका वेळी दोनच पर्याय विचारा आणि मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत गप्प बसा; यातलं गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. आणि कळलं नसेल तर कळल्याचं नाटक करू नका. ‘मामाजी, मले नाही समजलं, पण तुम्हाले काही सांगायचं आहे हे समजलं,’ असं म्हणा.

वहीचा आणखी एक उपयोग. ज्याचं बोलणं आधीच गेलंय त्याला दुसरा झटका आला तर बोलण्यावरून तो लवकर ध्यानात येत नाही. पण रोज तीन खुणांत सांगणारा माणूस एका सकाळी एकही करत नसेल, तोंड वाकडं वाटत असेल, धड असलेला डावा हात ढिला पडला असेल, तर संध्याकाळची वाट बघू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तुमच्याकडून सिटी स्कॅनच्या मशीनपर्यंत पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा वही सोबत न्या. आणि रोह्यांची गोष्ट स्पीच थेरपिस्टला सगळ्यात आधी सांगा, कागद नंतर दाखवा.

प्रश्न : मी आशा सेविका आहे, केळापूर तालुक्यात. माझ्याकडं एक कोलाम बाई आहेत, लकव्यानंतर मी विचारलेल्या कशालाच उत्तर देत नाहीत. दवाखान्यात ‘काही समजत नाही’ असं लिहून दिलंय. पण घरी सुनेशी त्यांचं काहीतरी चालू असतं. सुनेला मी मराठीतच बोलायला सांगू का, म्हणजे दोन भाषांचा गोंधळ होणार नाही?

उत्तर : नको, अजिबात नको. दवाखान्यात त्यांना कोणत्या भाषेत विचारलं होतं ते आधी शोधा. मला वाटतं, मराठीत. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीहून पार वेगळी. मराठी त्या बाईंनी बाजारापुरती, मजुरीपुरती शिकली असेल तर ती आधीच तोकडी, त्यात हा आघात. दोन भाषा येणाऱ्यांच्या बहुतेक वेळा दोन्ही भाषा सारख्याच सुधारतात, पण कधी एक मागं पडते, तेव्हा दोन्हींत पाहिल्याशिवाय शेरा मारू नये. तुम्ही असं करा : वर लिहिलेले किल्ली-चष्म्याचे आणि हो-नाहीचे प्रकार सुनेकडून कोलामीत करून घ्या, तुम्ही बाजूला बसून फक्त टिपा. सुनेला आधी समजवा की मदत करायची नाही, डोळ्यानंही नाही. माया असली की हात पुढं होतोच. मग तेच मराठीत तुम्ही करा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून डॉक्टरांना द्या आणि वर ठळक लिहा : ‘घरची भाषा कोलामी.’ सुनेनं सासूशी कोलामीतच बोलत राहावं. बाईंना ऐकू कमी येतं का, हेही एकदा पाहून घ्या. वय झालेलं असलं की निम्मं ‘समजत नाही’ कानातच असतं.

प्रश्न : वडिलांचा हात-पाय आता ठीक आहे, फक्त बोलता येत नाही. ‘हात-पाय चालतात मग अपंगत्व कसलं’ असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं. खरं आहे का?
— एक वाचक, ता. वरुड

उत्तर : खरं नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात वाचा व भाषेचं दिव्यांगत्व आहे. कायम राहिलेला वाचाघात त्यात नावानिशी आलाय. अर्ज दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठीच्या सरकारी पोर्टलवर करता येतो, तपासणीला जिल्हा रुग्णालयात बोलावतात. बहुतेक सवलतींना निदान ४० टक्के लागतात. जाताना सिटी स्कॅन किंवा एमआरआयचा अहवाल, भरती असतानाचं डिस्चार्ज कार्ड आणि भाषेच्या चाचणीचा कागद न्या. वडिलांसोबत एकच माणूस आत जा. आणि त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. मुलगा शेजारून फडाफडा बोलत असला की तपासणाऱ्याला वडिलांची अडचण दिसतच नाही, असं मी बरेचदा पाहिलंय.